ब्रुग्गेचा घंटामनोरा : आधी ऐकावा, मग चढावा

बेल्जियममधील ब्रुग्गे शहराच्या मुख्य चौकात, म्हणजे मार्क्टमध्ये, दर पंधरा मिनिटांनी डोक्यावरून घंटांचे सूर उतरतात. बहुतेक प्रवासी त्या क्षणी मान वर करतात, एक छायाचित्र काढतात आणि पुन्हा रांगेकडे वळतात. पुढचा पाऊण तास ते ३६६ पायऱ्या चढण्यात आणि उतरण्यात घालवतात, आणि खाली आल्यावर त्यांच्या आठवणीत बव्हंशी दमलेले पाय आणि वरून दिसणारी लाल कौले एवढेच उरते. पहिल्या भेटीत माझेही तसेच झाले होते. तिकीट हाती पडताच मी थेट वर गेलो आणि घंटा वाजवणाऱ्या मोठ्या पिंपापाशी पोहोचलो तेव्हा ते नुकतेच फिरून थांबले होते. पुन्हा सुरू होईपर्यंत थांबावे हेदेखील मला सुचले नाही. दुसऱ्या वेळी घंटांच्या वेळा पाहून दिवस आखला आणि तोच मनोरा निराळा भासला. हा मनोरा शहराला ऐकू जावे म्हणून बांधला गेला, तेव्हा त्याची भेट कानांच्या सोयीने आखावी, हा या मार्गदर्शनाचा पाया आहे.

थोडी पूर्वतयारी : मनोरा कशासाठी होता

नावांचा गोंधळ आधी दूर करू. शहराचे डच नाव ब्रुग्गे. फ्रेंच आणि इंग्रजीत त्यालाच ब्रूज म्हणतात. मनोऱ्याला डचमध्ये बेलफोर्ट म्हणतात. चर्चच्या शिखरात घंटा असतात तसा हा प्रकार नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. बेलफोर्ट ही नगरसत्तेची वास्तू आहे. मध्ययुगात फ्लँडर्समधील शहरे लोकरीच्या आणि कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झाली, त्यांनी आपल्या सरंजामदाराकडून, म्हणजे फ्लँडर्सच्या काउंटकडून, हक्कांच्या सनदा मिळवल्या आणि आपले स्वतंत्र अस्तित्व दूरवर दिसावे व ऐकू यावे यासाठी बाजाराच्या मधोमध मनोरे उभारले. त्या सनदा मनोऱ्यातच कुलूपबंद ठेवल्या जात. आगीवर नजर ठेवणारा पहारेकरी वर असे, आणि वेशीचे दरवाजे उघडणे, बंद करणे, कारागिरांचे काम सुरू होणे आणि संपणे, लोकांना एकत्र बोलावणे, धोक्याची सूचना देणे या प्रत्येक गोष्टीसाठी घंटा होती. मनगटावर घड्याळ नसलेल्या माणसांचा सगळा दिवस या आवाजावर चाले.

ब्रुग्गेचा मनोरा सुमारे १२४० मध्ये उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी जे भक्कम चौकोनी बांधकाम दिसते ती हाले, म्हणजे व्यापाराची दालने. सुमारे ४४ मीटर रुंद आणि ८४ मीटर खोल. १२८० मध्ये मनोऱ्याला मोठी आग लागली आणि शहराचे दस्तऐवज जळाले. आगीनंतर मनोरा पुन्हा बांधला गेला. वरचा अष्टकोनी मजला बराच नंतरचा, १४८३ ते १४८७ या काळातला. त्यावर लाकडी शिखर चढवले होते, ते १४९३ मध्ये वीज पडून जळाले. पुन्हा उभारलेले शिखर १७४१ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्यानंतर शिखर उभारण्याचा नाद शहराने सोडला. आज माथ्यावर जो नक्षीदार दगडी कठडा दिसतो तो १८२२ चा आहे. उंची ८३ मीटर. शिवाय मनोरा पूर्वेकडे सुमारे ८७ सेंटीमीटर कललेला आहे. चौकात जरा मागे सरकून शेजारच्या इमारतीच्या उभ्या कडेशी ताडून पाहिले की हा कल डोळ्यांना कळतो.

फ्लँडर्स आणि वालोनिया या बेल्जियमच्या दोन भागांतील असे ३२ मनोरे १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले; २००५ मध्ये उत्तर फ्रान्समधील मनोरे जोडले गेल्यावर ही संख्या ५६ झाली. ब्रुग्गेचे संपूर्ण जुने शहर २००० मध्ये स्वतंत्रपणे यादीत आले.

दिवस आणि तिकीट

भारतातून जाणाऱ्यांना बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा तो निघण्याच्या १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. युरोपात राहणाऱ्या मुलांकडे जे आईवडील दोन-तीन महिन्यांसाठी जातात त्यांच्यासाठी नेदरलँड्स किंवा जर्मनीच्या पश्चिम भागातून ब्रुग्गे ही दोन दिवसांची सहज जमणारी सहल आहे. समूहसहलींमध्ये मात्र या शहराला अनेकदा अर्धाच दिवस मिळतो. त्या अर्ध्या दिवसातही मनोरा होतो, पण वेळ आधी ठरवलेली असेल तरच.

ब्रसेल्सहून रेल्वेने साधारण एक तास लागतो, गेंटहून २५ मिनिटांच्या आसपास. गाडीतल्या आणि फलाटावरच्या पाट्यांवर ब्रुग्गे हे डच नाव शोधावे. स्थानकापासून मार्क्ट दीड ते दोन किलोमीटरवर आहे. बसही आहे, परंतु प्रकृती ठीक असेल तर चालत जावे. वाटेत मिन्नेवाटर हे तळे आणि बेगाइनहोफ ही पांढऱ्या घरांची जुनी, शांत वसाहत लागते. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, त्यामुळे चाकांची बॅग ओढत नेणे अवघड जाते आणि मनोऱ्यात तर मोठे सामान नेण्याचा विचारही करू नये. स्थानकावर लॉकर आहेत. बॅग तेथेच ठेवावी.

मनोऱ्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, कारण जिना अरुंद आहे आणि एका वेळी मोजकीच माणसे आत सोडली जातात. शहराच्या संग्रहालयांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर दिवस आणि वेळ निवडून ते आधीच घ्यावे. अलीकडच्या वर्षांत प्रौढांचे तिकीट १४ ते १५ युरोंच्या घरात राहिले आहे. दोन-तीन दिवस मुक्काम असेल तर तेथील संग्रहालयांचे एकत्रित कार्ड मिळते, त्याचा हिशेब करून पाहावा. मनोरा त्यात येतो. उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी चौकात येऊन तिकीट काढण्यावर विसंबू नये. दुपारी ब्रसेल्सहून आणि बंदराला लागलेल्या क्रूझ जहाजांवरून आलेली मंडळी एकदम लोटतात, तेव्हा सकाळच्या पहिल्या वेळा सर्वांत सुखाच्या असतात.

आता मुख्य मुद्दा : कोणती वेळ घ्यावी. या मनोऱ्यात कॅरिलॉन आहे. कॅरिलॉन म्हणजे सुरात लावलेल्या घंटांचे वाद्य. किमान २३ घंटा असल्याशिवाय त्याला हे नाव देत नाहीत आणि ब्रुग्गेच्या कॅरिलॉनमध्ये ४७ घंटा आहेत. एरवी हे वाद्य यंत्राने वाजते, पण आठवड्यातून काही वेळा नगराचा वादक स्वतः वर जाऊन तासभर वाजवतो. वर्षभर बुधवार, शनिवार आणि रविवारी सकाळी ११ वाजता, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सोमवार आणि बुधवारी रात्री ९ वाजता, अशी या मैफलींची रीत आहे. प्रवासाच्या आठवड्यात वेळापत्रक एकदा पडताळून घ्यावे आणि यांपैकी एखादा दिवस पकडावा. सकाळच्या मैफलीच्या दिवशी ११ च्या थोडे आधीचे तिकीट घेतले तर वादकाच्या खोलीपर्यंत पोहोचताना वादन सुरू झालेले असते. दुसरा कोणताही दिवस असेल तर तास पूर्ण होण्यापूर्वी अर्ध्या तासाने आत शिरण्याचा हिशेब ठेवावा, म्हणजे थांबत थांबत चढूनही ठोक्याच्या वेळी आपण पिंपापाशी असतो.

आपल्याला झेपेल का

लिफ्ट नाही. ३६६ पायऱ्या हा आकडा कागदावर कळत नाही, म्हणून पुणेकरांसाठी सांगतो : पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत, तेव्हा पर्वती साडेतीन वेळा चढण्याइतके हे श्रम आहेत. पण पर्वतीच्या पायऱ्या रुंद, मोकळ्या आणि उघड्यावर आहेत. येथे चढण दगडी भिंतींमधून गोल फिरत जाते, वर जावे तसा जिना अरुंद होतो आणि त्याच जिन्यावरून वरची माणसे खालीही येत असतात. दम लागणे हा यातला सोपा भाग होय. ज्यांना बंदिस्त जागेत गुदमरल्यासारखे होते, गोल फिरताना चक्कर येते, ज्यांचे गुडघे उतरताना दुखतात किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी आपल्या मनाशी प्रामाणिकपणे विचार करावा. अर्ध्यातून परत फिरणे शक्य असते, पण मागून येणाऱ्या रांगेला थोपवत ते करावे लागते आणि त्याचा संकोच वाटून माणसे नको तेवढे चढत राहतात.

न चढणाऱ्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. ज्याच्यासाठी चढायचे तो नाद खालीच अधिक चांगला ऐकू येतो, आणि तो ऐकण्याची जागा पुढे सांगितली आहे. उंचीवर जायचेच असेल तर गेंटला जावे. तेथील बेलफोर्ट ९१ मीटर उंच आहे, त्याच्या शिखरावर सोनेरी मुलाम्याचा ड्रॅगन आहे आणि सुरुवातीच्या काही पायऱ्या चढल्यावर पुढे लिफ्ट मिळते. घरातल्या ज्येष्ठांना एक मनोरा आतून दाखवायचा असेल तर मी गेंटच सुचवीन.

पायांत रबरी तळव्याचे, बांधलेले बूट असावेत. चप्पल किंवा सँडल नको, कारण दगडाच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मधोमध झिजल्या आहेत आणि पावसाळी दिवशी बुटांबरोबर ओल आत येते. साडी नेसून चढता येते, पण गोल जिन्यात निऱ्या मागच्याच्या पायाखाली येण्याचा धोका असतो. सलवार किंवा पँट सोयीची. वर वारा बोचरा असतो, तेव्हा उन्हाळ्यातही एक जाकीट कमरेला बांधून न्यावे. पाण्याची लहान बाटली पुरे. आत प्रसाधनगृहाच्या भरवशावर राहू नये. आधीच जाऊन यावे आणि त्यासाठी खिशात सुटी नाणी ठेवावीत, कारण बेल्जियममध्ये सार्वजनिक ठिकाणी पैसे मोजावे लागतात. मुलांना मोठ्यांनी आपल्या पुढे ठेवून चढवावे, म्हणजे पाय घसरला तर हात पोहोचतो.

चौकातला पहिला अर्धा तास

तिकिटाच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी मार्क्टमध्ये पोहोचावे. चौकाच्या मध्यभागी दोन पुरुषांचा पुतळा आहे. यान ब्रायडेल आणि पीटर द कोनिंक हे ते दोघे, १३०२ मध्ये फ्रेंच राजाच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या ब्रुग्गेकरांचे पुढारी. पुतळा १८८७ मधला. त्याच्या पायऱ्यांशी उभे राहून मनोऱ्याकडे तोंड करावे आणि पुढचा पाव तास वाजण्याची वाट पाहावी.

सुरुवातीला मनोऱ्याची रचना नजरेने उलगडावी : खालचे दोन चौकोनी, जाड भिंतींचे टप्पे तेराव्या शतकातले, त्यांच्यावर उंच खिडक्यांचा सडपातळ अष्टकोन पंधराव्या शतकातला. दोन शतकांच्या अंतराने बांधलेले दोन मनोरे एकमेकांवर ठेवले आहेत, असेच म्हणावे लागेल. प्रवेशद्वारावर जो सज्जा दिसतो तेथून नगराचे हुकूम लोकांना वाचून दाखवले जात. वाजू लागले की नाद अष्टकोनातूनच येतो. आधी लहान घंटांचा झरझर सूर, मग तास असेल तर मोठ्या घंटेचे संथ ठोके. कोणता सूर किती वेळ हवेत राहतो याकडे लक्ष द्यावे. लहान घंटा चटकन विरते, मोठीचा घुमार पुढच्या ठोक्यात मिसळतो. हा फरक कानात बसला की वर गेल्यावर समोर दिसणारी प्रत्येक वस्तू त्याच्याशी जोडता येते.

चढण

हालेच्या आतल्या अंगणातून प्रवेश आहे. तपासणी झाली की लगेच जिना सुरू होतो. पहिल्या वीसेक पायऱ्या सगळेजण भरभर चढतात आणि तेथेच दम घालवतात. सुरुवातच संथ करावी, नाकाने श्वास घेता येईल इतक्या गतीने. गोल जिन्यात पायरी आतल्या खांबाशी निमुळती आणि बाहेरच्या भिंतीशी रुंद असते. शक्यतो बाहेरच्या रुंद भागावर पूर्ण पाऊल टेकावे. समोरून उतरणारा माणूस आला तर दोघांपैकी एकाला निमुळत्या बाजूला सरकावे लागते. उतरणाऱ्याला पडण्याचा धोका अधिक असतो, म्हणून रुंद बाजू त्याला द्यावी आणि आपण स्थिर उभे राहावे. आधाराला जाड दोर आहे. तो हातांनी धरून धरून गुळगुळीत झालेला, किंचित थंड आणि जड लागतो, आणि पुढे कोणीतरी त्याला भार दिला की आपल्या मुठीतही तो ताणला जातो. वळणापलीकडचा माणूस दिसत नाही, पण त्याच्या पावलांची गती दोरातून कळते.

पहिला थांबा खजिन्याच्या खोलीचा. दम खाण्यासाठी म्हणून नव्हे, तर मनोरा समजून घेण्यासाठी येथे पाच मिनिटे द्यावीत. घडीव लोखंडाच्या नक्षीदार जाळ्यांच्या दारांमागे शहराच्या सनदा, शिक्के आणि पैसा ठेवला जाई. पेट्यांना अनेक कुलुपे असत आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे, म्हणजे सर्वांच्या उपस्थितीशिवाय पेटी उघडत नसे. १२८० च्या आगीत कागद गमावलेल्या शहराने पुढे आपली कागदपत्रे दगडी छताखाली आणि लोखंडी दाराआड का ठेवली, हे येथे उभे राहून पटते. कागद गेला म्हणजे हक्क गेला, हे व्यापाऱ्यांना काउंटइतकेच ठाऊक होते.

पुढे मोठ्या घंटेचा टप्पा येतो. ही घंटा सुमारे सहा टनांची, १६८० मध्ये मेलखिओर द हाझे याने ओतलेली. ती आधी शहरातल्या नोत्र-दाम म्हणजे कुमारी मातेच्या चर्चमध्ये होती आणि नंतर येथे आली. घंटेची धातू म्हणजे कासे : जवळपास चार भाग तांबे आणि एक भाग कथील. घरातल्या काशाच्या वाटीला नख मारले की जो नाद बराच वेळ रेंगाळतो, त्याच धातूचे हे प्रचंड रूप. कथील कमी पडले तर आवाज बोदा होतो, जास्त झाले तर घंटा ठिसूळ होऊन तडकते.

आता ज्याच्यासाठी वेळ साधली ते पिंप. अंतोन द होंड्ट याने १७४८ मध्ये घडवलेले हे धातूचे आडवे पिंप सुमारे नऊ टन वजनाचे आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर चौकोनी भोके आहेत, एकूण ३०,५०० च्या आसपास. येथे कठड्याशी उभे राहून एकच भोक निवडावे आणि त्याचा अर्थ लावावा. पिंपाच्या लांबीवर ते कोठे आहे यावर कोणती घंटा वाजणार हे ठरते. परिघावर ते कोठे आहे यावर ती केव्हा वाजणार हे ठरते. ज्या भोकांत पोलादी खुंट्या बसवल्या आहेत तीच धून. घड्याळ ठरल्या क्षणी पिंपाची अडसर सोडते, पिंप फिरू लागते, खुंटी एका तरफेला उचलते, तरफ तार ओढते, वर कोठेतरी हातोडा उचलला जातो आणि घंटेच्या बाहेरच्या अंगावर पडतो. धून बदलायची तर माणसे बसून एकेक खुंटी काढतात आणि दुसऱ्या भोकात घट्ट करतात. हे सारे पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे यंत्र आहे आणि आजही शहराला पाव तास कळवते. फिरण्यापूर्वी आधी एक खट्‌ असा आवाज येतो, तारांमधून थरथर जाते, आणि मग सूर वरून ऐकू येतात. यंत्राचा खडखडाट समोर आणि संगीत डोक्यावर, असे दोन आवाज एकाच वेळी कानांत येतात. खाली चौकात यांपैकी दुसराच पोहोचतो. पिंप थांबलेले दिसले तर पुढच्या पाव तासापर्यंत बाजूला उभे राहून वाट पाहावी. मागच्यांना पुढे जाऊ द्यावे. तिकिटाच्या पैशांतला सर्वांत मोलाचा भाग हा आहे.

त्याच्या वर वादकाची खोली. वादन चालू असेल तर काचेतून तो दिसतो. पियानोसारख्या पट्ट्यांऐवजी त्याच्या समोर लाकडी दांड्यांच्या दोन ओळी असतात आणि त्यांवर तो मूठ वळून, करंगळीच्या बाजूने आघात करतो. जाड घंटांसाठी पायांनी दाबायच्या दांड्या असतात. दांडी खाली गेली की तारेने घंटेची जीभ आतून कडेवर आपटते. येथे घंटा झोके घेत नाही, जागच्या जागी टांगलेली असते आणि जीभ हलते. आपल्या देवळात आपण घंटेला धरून हलवत नाही, जिभेला बांधलेली दोरी ओढतो. तेच तत्त्व ४७ वेळा मांडलेले आहे. म्हणूनच वादकाला हलका आणि जोरकस आघात असा भेद करता येतो, जो पिंपाच्या हातोड्याला जमत नाही. मैफलीच्या दिवशी आधी पिंपाची धून आणि मग हाताचे वादन ऐकले तर हा फरक कोणालाही ओळखता येईल.

देवळातल्या घंटांचा उल्लेख आला म्हणून सांगतो : १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आजही दिसते. आणि ब्रुग्गेच्या सध्याच्या कॅरिलॉनमधील २६ घंटा योरिस द्युमेरी याने १७४० च्या दशकात, म्हणजे वसईनंतर अवघ्या काही वर्षांत ओतलेल्या आहेत. मेणवलीची घंटा ज्याने जवळून पाहिली आहे, तिचा फुगीर खांदा आणि बाहेर वळलेली कड ज्याच्या लक्षात आहे, त्याला या घंटांचा आकार ओळखीचा वाटतो.

माथ्यावर

शेवटचा टप्पा सर्वांत अरुंद. वर घंटा डोक्यावर ओळीने टांगलेल्या दिसतात. सर्व मिळून त्यांचे वजन सुमारे २७ टन आहे. तासाच्या वेळी येथे असाल तर कानांत बोटे घालावीत आणि लहान मुलांचे कान स्वतःच्या तळव्यांनी झाकावेत. नाद कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो.

बाहेर पाहण्याच्या उघड्या चौकटींना जाळी आहे. फोनचे भिंग जाळीच्या एखाद्या भोकाला अगदी भिडवले तर चित्रात तारा येत नाहीत. फोन मात्र मनगटाच्या दोरीने बांधलेला असावा. दिशा लावून पाहावे. दक्षिणेकडे विटांचा उंच मनोरा दिसतो तो कुमारी मातेच्या चर्चचा, ११५ मीटरहून थोडा अधिक उंच, म्हणजे बेलफोर्टपेक्षाही वर गेलेला. मायकेलअँजेलोने संगमरवरात घडवलेली मेरी आणि बाळाची मूर्ती त्याच चर्चमध्ये आहे. खाली जुन्या शहराला कालव्याचे जवळपास गोल कडे आहे आणि त्यावर जुन्या वेशी उभ्या आहेत. उत्तरेकडे हवा स्वच्छ असेल तर झेब्रुग्गे बंदराच्या याऱ्या दिसतात. हे अंतर नीट पाहून घ्यावे, कारण शहराचे भाग्य त्यावर फिरले. समुद्राशी जोडणारी झ्विन नावाची खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे आत येईनाशी झाली आणि सोळाव्या शतकात व्यापार अँटवर्पकडे गेला. पैसा आटला म्हणून जुनी घरे पाडून नवी बांधणे थांबले. आज आपण जे मध्ययुगीन शहर वरून पाहतो ते त्या ओहोटीमुळे शिल्लक राहिले आहे.

माथ्यावर दहा मिनिटे पुरेत. जागा लहान आहे आणि खालचे लोक वाट पाहत असतात.

उतरणे आणि त्यानंतर

उतरण्याची घाई करू नये. पोटऱ्या थरथरत असतील तर माथ्यावरच दोन मिनिटे उभे राहावे. दोर एका हाताने सोडू नये, फोन खिशात असावा, आणि प्रत्येक मधल्या खोलीत थांबून वर येणाऱ्यांचा जथा जाऊ द्यावा. एकामागोमाग फिरत उतरल्याने डोके गरगरते. नजर पुढच्या दोन पायऱ्यांवर ठेवली की ते कमी होते.

खाली मनोऱ्याच्या पायथ्याशीच तळलेल्या बटाट्यांच्या, म्हणजे फ्रिटेनच्या, हिरव्या टपऱ्या आहेत. भूक लागलेली असते, वास सुटलेला असतो, आणि बटाटे तर शाकाहारीच असा आपला समज असतो. बेल्जियममध्ये ते परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात. शाकाहारी माणसाने प्रत्येक ठिकाणी तळण्यासाठी वनस्पती तेल आहे का हे विचारूनच घ्यावेत. वॉफलमध्ये अंडे असते. इंग्रजी सर्वांना येते. हा डच बोलणाऱ्यांचा प्रांत असल्यामुळे फ्रेंच शब्द वापरण्यापेक्षा इंग्रजीत विचारावे आणि शेवटी "डांक यू" म्हणावे.

यानंतर चौकात न रेंगाळता हालेच्या आतल्या अंगणात परत जावे. न चढलेल्यांसाठी राखून ठेवलेली जागा हीच. चारी बाजूंच्या भिंतींमुळे चौकातला घोडागाड्यांच्या टापांचा आणि माणसांचा गलबला येथे बराच दबतो, आणि वरचे सूर सरळ खाली येतात. मैफलीच्या वेळी जाणते ऐकणारे येथेच बाकांवर येऊन बसतात. तिकीट लागत नाही. उन्हाळ्यातल्या रात्रीची मैफल असेल तर जूनमध्ये नऊ वाजताही आकाशात उजेड असतो, दिवसाचे प्रवासी परत गेलेले असतात, आणि एक-दोन सूर वाजताच शेजारी बसलेली माणसे बोलणे थांबवतात. म्हणून एक रात्र मुक्कामाची ठेवावी, असे मी आग्रहाने म्हणेन. मोठी घंटा वाजली की खालच्या दांड्यावर पडलेला पाय आठवतो, झरझर उतरणारी तान आली की करंगळीच्या कडेने पडणाऱ्या मुठी दिसतात, आणि मैफल संपून पाव तास झाला की वरच्या अंधारात पिंपाची अडसर सुटते आणि सूर पुन्हा सुरू होतात.